जुन्या टर्बोडिझेलला हेड टेंपरेचर अलार्म आणि ईजीटी मीटर: रबाळेतला गाळा आणि चौदा महिन्यांचा अनुभव

ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी टर्बोडिझेल फोर बाय फोर आहे आणि जे अजून डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याच्या भरवशावर घाट चढतात, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय. गेल्या वर्षी मे महिन्यात मी गाडीला तीन गोष्टी बसवून घेतल्या. एक म्हणजे इंजिनच्या हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं), म्हणजे पाण्याचं नाही तर धातूचं, तापमान दाखवणारा अलार्म, दुसरा एक्झॉस्ट गॅसचं, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराचं, तापमान दाखवणारा मीटर ज्याला सगळे ईजीटी म्हणतात, आणि तिसरा रेडिएटरचं पाणी कमी झालं की वाजणारा बझर. काम केलं ठाणे-बेलापूर रोडला रबाळे एमआयडीसीतल्या एका लहानशा गाळ्यात, बाहेर धड पाटीसुद्धा नाही. निकाल आधीच सांगतो, काम एक नंबर, पैसे वसूल, आणि तिन्हीतली एकच गोष्ट घ्यायची असेल तर डोळे मिटून हेडचा अलार्म घ्या.

गाडी २००४ ची, एमएच ०४, मेकॅनिकल पंपाची, म्हणजे डिझेल सोडायला कॉम्प्युटर नसलेली, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. मॉडेल लिहीत नाही कारण मग सगळी चर्चा मॉडेलवरच जाते, आणि त्या काळातल्या बऱ्याच टर्बोडिझेलची गोष्ट हीच आहे. बाबांनी घेतलेली गाडी, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून ठेवलीय, विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे.

आता हे सगळं करायची वेळ का आली ते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी आणि बाबा ओतूरला मावशीकडे निघालो होतो, कल्याण-मुरबाड मार्गे माळशेजने. टोकावडे मागे टाकून घाट सुरू होईपर्यंत काटा नेहमीसारखा बरोबर मध्ये. इंजिनाच्या मागच्या बाजूला हीटरला जाणारा एक रबरी होज पाइप असतो, गाडीच्याच वयाचा, बाहेरून बघितला तर चांगला दिसणारा, तो क्लिपजवळ चिरला आणि पाणी थेट गरम ब्लॉकवर पडून वाफ होऊन जात राहिलं, आणि बाहेर धो धो पाऊस आणि धुकं, त्यात कुठली वाफ आणि कुठलं धुकं काय कळणार. अर्ध्या घाटात काटा चक्क खाली यायला लागला. बाबा म्हणाले, "बघ, वर हवा गार आहे, काटा पण उतरला." मलाही तेच वाटलं, उलट बरं वाटलं. दोन-तीन वळणं पुढे गेलो आणि गाडीची ओढच गेली, तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि इंजिनातून खडखड आवाज. काटा तेव्हाही खालीच. हेड वाकलं, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट उडालं, टो करून ठाण्यात आणली, हेड फेसिंग (घासून सपाट करणं), प्रेशर टेस्टिंग, नवीन गॅस्केट, मजुरी सगळं धरून बहात्तर हजार गेले आणि गाडी पाच आठवडे गॅरेजला.

काटा खाली का आला? काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं की सेन्सर रिकाम्या जागेत हवेत लटकतो, हवेतून त्याला तेवढी उष्णता पोचत नाही, म्हणून तो थंड होत जातो आणि काटा खाली. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला सगळ्यात जास्त धोका असतो नेमका त्याच क्षणी काटा सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. आणि ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, खाली बीड जागच्या जागी आणि वर ॲल्युमिनियमला पसरायचंय पण बोल्टने जखडलेलं, मग ते वाकतं नाहीतर दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा जातो. हे व्हायला काही मिनिटं पुरतात.

काट्याची दुसरी गोष्ट मला नंतर कळली. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, म्हणजे पाणी थोडं कमी-जास्त तापलं तरी तो मध्येच राहतो, नाहीतर लोक रोज सर्व्हिस सेंटरला येऊन विचारतील काटा का हलला. माझ्या गाडीत नवीन मीटर शेजारी ठेवून बघितलं तर ७८ डिग्रीपासून १०२ डिग्रीपर्यंत जुना काटा केसभर हलत नाही. चोवीस डिग्रीचा फरक आणि समोर काहीच दिसत नाही!

बरेच जण म्हणतील एवढं कशाला, गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल लाव आणि मोबाइलवर बघ. आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ पासून, त्याच्या आधीच्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला डोंगल लावायला सॉकेटच नसतं. आणि नवीन गाडीत असलं तरी डोंगल आकडा घेतो तो पाण्यातल्या सेन्सरचाच, पाणी गेलं की तोही तसाच फसणार. आकडा स्पष्ट दिसतो एवढाच फायदा.

हेडचा अलार्म अगदी साधी वस्तू आहे. तांब्याच्या लगसारखी एक रिंग, त्यात छोटा सेन्सर, ती रिंग हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली आवळायची, वायर आत आणायची, डॅशबोर्डवर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डिस्प्ले. तापमान आकड्यात दिसतं आणि आपण ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की बझर वाजतो. पाणी असो नसो, हेड तापलं की आकडा वर जाणारच, यात फसायला जागा नाही. ऑस्ट्रेलियात दूर दूर ओसाड भागात गाड्या नेणारे लोक असला अलार्म बरीच वर्षं वापरतायत, माझा युनिटही तिकडूनच मागवलेला, कस्टम ड्यूटी धरून साडेचौदा हजार पडले.

युनिट हातात आलं पण बसवायचं कोणाकडे हा खरा प्रश्न होता. त्याआधी मी ऑनलाइन एक स्वस्तातला ईजीटी मीटर घेऊन ठाण्यातल्या एका गॅरेजमधे बसवला होता आणि त्याचा अनुभव वाईट होता. प्रोब, म्हणजे गरम गॅसमधे राहणारी मोजायची काडी, टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पुढे, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपात लावला, वायर कमी पडली म्हणून साध्या तांब्याच्या वायरने जोडून वाढवली. चार महिन्यांत प्रोबचं टोक जळून गेलं, आणि तोपर्यंत जे आकडे दिसत होते तेही चुकीचेच होते हे मला रबाळेत आल्यावर कळलं.

रबाळेचे काका मूळचे वायरमन, आधी ट्रक आणि कारखान्यांचे जनरेटर करायचे, वय साठच्या आसपास, सोबत त्यांचा पुतण्या फिटरचं काम करतो. एका ओळखीच्यांनी पत्ता दिला, रबाळे स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी बोनेट उघडलं, पाच मिनिटं काही न बोलता बॅटरी मारून सगळे होज पाइप दाबून बघितले आणि म्हणाले, "दादा, मीटर मी लावतो, पण आधी हे दोन पाइप बदला, नाहीतर मीटर तुम्हाला फक्त बातमी देईल." खालचा रेडिएटर होज आणि बायपासचा छोटा पाइप, दोन्ही दाबल्यावर आतून कुरकुर आवाज करत होते. दोन्ही बदलले. मला हे फार आवडलं, गिऱ्हाईक मीटरसाठी आलंय, मीटर लावून पैसे घेऊन मोकळं होता आलं असतं.

मग त्यांनी त्या तांब्याच्या जोडाचं समजावून सांगितलं. ईजीटीचा प्रोब के टाइप थर्मोकपल असतो, दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या, टोक तापलं की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. हे व्होल्टेज गरम टोक आणि जिथे त्या खास तारा संपतात ती जागा, या दोघांमधल्या फरकाचं असतं. मीटर धरून चालतो की तारा माझ्यापाशी केबिनमधे संपतात जिथे तीस-बत्तीस डिग्री आहे. पण मधे बोनेटखाली तांबं जोडलं की तारा तिथेच संपल्या, आणि तिथे असतात सत्तर-ऐंशी डिग्री. म्हणजे मीटर चाळीस-पन्नास डिग्री कमी दाखवणार, जो धोक्याच्या बाजूचा फरक आहे. म्हणून वायर वाढवायची तर त्याच जातीची कंपेन्सेटिंग केबल लागते आणि प्लस-मायनस उलटं होता कामा नये. रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात केमिकल कंपन्या कितीतरी, त्यांच्या रिॲक्टरला आणि भट्ट्यांना थर्मोकपल बनवून देणारे छोटे कारखाने बाजूलाच आहेत, काकांनी तिथूनच माझ्यासाठी प्रोब बनवून आणला. तीन मिलीमीटर जाडीचा, बाहेरून एसएस ३१० ची नळी, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली, टोक बंद. किंमत केबलसकट अठराशे रुपये. ऑनलाइनवाल्या प्रोबचं टोक उघडं होतं, या प्रोबला चौदा महिन्यांत काही झालेलं नाही.

प्रोब कुठे लावायचा यावर माझं आणि काकांचं थोडं बोलणं झालं. मला भीती टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमधे, म्हणजे सिलिंडरांचा गॅस गोळा करणाऱ्या बिडाच्या पाइपात, लावला आणि प्रोबचा तुकडा तुटला तर टर्बाइनमधे जाणार. काकांचं म्हणणं, "टर्बोच्या पुढे लावलात तर लोडवर शंभर-दीडशे डिग्री कमी दिसेल, आणि तो फरक पण एकसारखा राहत नाही, मग आकडा बघून करणार काय?" बरोबर होतं. शेवटी मॅनिफोल्डमधेच, चारही सिलिंडरचा गॅस जिथे एकत्र येतो तिथे, टर्बोच्या अगदी तोंडाशी.

काही जण मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच भोक पाडतात, ड्रिलला ग्रीस लावून, शेवटी इंजिन चालू ठेवून चुरा बाहेर फेकतात. काकांनी स्वच्छ नाही सांगितलं. मॅनिफोल्ड खोलला, टर्बो बाजूला घेतला, बिडात भोक पाडून आटे पाडले, चुरा लोहचुंबकाने आणि मग हवा मारून साफ केला, नवीन गॅस्केट टाकून परत बसवला. यात मॅनिफोल्ड धरणारा एक स्टड (आटे असलेली बोल्टसारखी काडी) तुटला, वीस वर्षं गरम-थंड झालेला स्टड तुटणारच, तो ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस गेला आणि त्याचे सातशे वेगळे लागले. काकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं की एखादा स्टड जाऊ शकतो, म्हणून मला काही वाटलं नाही.

हेडच्या रिंगसाठी त्यांनी हेडचा मुख्य बोल्ट वापरला नाही, त्याला हातच लावायचा नसतो. इंजिन उचलायचा हुक हेडच्या मागच्या टोकाला ज्या बोल्टने लावलेला असतो त्याखाली रिंग बसवली, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला, जी वॉटर पंपापासून सगळ्यात लांब. तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढला, कारण मधे रंग राहिला तर आकडा कमी येतो. एक्झॉस्टची बाजू टाळली, नाहीतर मॅनिफोल्डची धग लागून आकडा उगाच वर. या लहान लहान गोष्टींसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देतो.

पाण्याच्या लेव्हलचा सेन्सर म्हणजे रेडिएटरच्या वरच्या टाकीत स्टीलची एक काडी, पाणी तिला टेकलेलं असेल तोवर सर्किट पूर्ण, पाणी खाली गेलं की बझर. पहिल्या आठवड्यात हा फार त्रास द्यायचा, गाडी चढावर तिरकी झाली की पाणी एका बाजूला जायचं आणि हा बोंबलायचा. परत गेलो तर काकांनी आठ सेकंदांचा डिले टाकून दिला, पैसे घेतले नाहीत. आता शांत आहे.

पहिले दोन आठवडे मी अलार्मचा आकडा उंचच ठेवला आणि फक्त वहीत लिहीत गेलो, कारण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला उपयोगी नसतो. सकाळी थंड गाडी चालू केली की आकडा हळूहळू चढत ८५ पर्यंत जातो, मग एकदम ७९ वर येतो, परत ८४, परत ८१, आणि मग ८६ ला स्थिरावतो. हा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप, उघडतोय, माझ्या गाडीत ८२ चा आहे. वीस वर्षं ही गाडी घरात आहे पण थर्मोस्टॅट काम करताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि आता ज्या दिवशी हा खेळ दिसणार नाही त्या दिवशी मला कळेल की थर्मोस्टॅट अडकला. हायवेला ८६ ते ८८. घोडबंदर रोडला गायमुखच्या ट्रॅफिकमधे एसी चालू, मे महिन्याची दुपार, ९४-९५. माळशेज चढताना तिसऱ्या गिअरला ९७. म्हणून अलार्म १०५ ला लावला. पाणी शंभरला उकळतं मग १०५ कसं चालेल असं काहींना वाटेल, पण रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीही ११९ च्या आसपास उकळतं, कूलंट घातलेलं असेल तर त्याहून वर. म्हणूनच झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ते आधी बदला, दोन-तीनशेची वस्तू आहे.

या अलार्मने मला आतापर्यंत दोनदा वाचवलंय, आणि दोन्ही वेळेला बझर वाजायच्या आधीच, नुसत्या आकड्याने.

पहिल्यांदा जुलैमधे, मुरबाडच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी भातखाचरांच्या कडेने चिखलातून फिरून आलो होतो. परत येताना सपाट रस्ता, ताशी साठचा स्पीड, जिथे नेहमी ८७ असतं तिथे ९९. जुना काटा अर्थातच मध्ये. मुरबाडला एका सर्व्हिसिंगवाल्याकडे थांबलो, रेडिएटर आणि पुढचा एसीचा कंडेन्सर या दोघांच्या मधे चिखल आणि गवत भरून अक्षरशः भिंत झाली होती. इंजिनाच्या बाजूने पुढे अशी हलक्या प्रेशरने पाण्याची धार मारून घेतली, जोरात मारली तर फिन वाकतात. निघालो तर ८८.

दुसऱ्यांदा या मार्चमधे. गायमुखला रांगेत उभं असताना आकडा ९८, ९९, १०२, आणि ट्रॅफिक सुटून गाडी पळायला लागली की पाच मिनिटांत ८८. काकांना फोन केला तर ते फोनवरच म्हणाले, "उभी असताना तापते, पळताना थंड होते, म्हणजे पाणी ठीक आहे, हवा कमी पडतेय. फॅन क्लच बघा." आणि तेच निघालं. जुन्या डिझेलमधे पंख्याच्या मधे व्हिस्कस क्लच असतो, आत सिलिकॉनचं तेल, रेडिएटरची हवा गरम झाली की ते तेल पंख्याला पकडून जोरात फिरवतं. वयाने ते तेल गळून जातं आणि पंखा नुसता सैल फिरत राहतो. गरम इंजिन बंद करून हाताने पंखा फिरवला तर त्याला चांगला अडसर जाणवायला हवा, माझा भिंगरीसारखा फिरला. याच्या उलट, उभी असताना ठीक आणि हायवेला लोडवर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला किंवा पाण्याचा फ्लो कमी. ही एवढी एक गोष्ट माहीत असली तरी गॅरेजमधले हजारो रुपये वाचतात, कारण तापते म्हटलं की पहिला सल्ला रेडिएटर बदलायचाच मिळतो.

आता ईजीटीबद्दल. हेडचं तापमान हळू हळू बदलतं, एक्झॉस्टचं मात्र तुमच्या पायाबरोबर लगेच. आयडलला दीडशेच्या आसपास, हायवेला ऐंशीच्या स्पीडला ३८० ते ४२०, घाटात सहाशेच्या आसपास. डिझेलमधे जेवढं डिझेल जास्त तेवढी उष्णता जास्त, आणि हवा कमी पडली की अजूनच. टर्बोच्या आधी मोजताना साधारण ७०० डिग्रीच्या वर जास्त वेळ राहू द्यायचं नाही असा जुन्या टर्बोडिझेलवाल्यांचा नेम आहे, मीही तोच पाळतो. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच, तो टिकतो कारण खालून ऑइल त्याला थंड ठेवतं आणि त्या गॅसचा मार सतत नसतो, पण त्या आकड्याच्या वर रेटत राहिलं तर किती वेळ टिकणार.

सगळ्यात मोठा धडा मला माळशेजलाच मिळाला, त्याच घाटात. चौथा गिअर, ताशी पंचेचाळीस, आरपीएम जेमतेम सोळाशे, इंजिन शांत आणि मला वाटत होतं मी किती सांभाळून चालवतोय. ईजीटी ६४०, ६६०, ६८५ आणि चढतोच आहे. तिसरा टाकला, स्पीड तोच, आरपीएम चोवीसशेच्या वर, आवाज वाढला, आणि आकडा अर्ध्या मिनिटात ५८०. शंभर डिग्रीचा फरक नुसत्या गिअरने! आरपीएम वाढला की टर्बो जास्त हवा देतो, वॉटर पंप आणि पंखा पण जोरात फिरतात. बाबा आयुष्यभर वरच्या गिअरला गाडी ओढत आलेत कारण इंजिनला त्रास नको, डिझेल वाचतं. त्यांना शेजारी बसवून हे दाखवलं, ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि पुढच्या वळणाला स्वतःच म्हणाले, "खाली टाक, खाली टाक."

ऑक्टोबरमधे नेहमीच्या चढाला ईजीटी साठ डिग्री जास्त यायला लागला आणि मागे काळा धूर. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजची क्लिप सैल झाली होती, दाबाची हवा बाहेर जात होती. क्लिप आवळली, धूर बंद, आकडा जागेवर. एअर फिल्टर चोंदला तरी हेच होतं. आणि एक सवय लागली, घाट चढून वर थांबलो की लगेच चावी बंद करत नाही, आकडा दोनशेच्या खाली येईपर्यंत आयडलला ठेवतो, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. आधी अंदाजाने दोन मिनिटं थांबायचो, आता कळतं की कधी चाळीस सेकंद पुरतात आणि कधी तीन मिनिटं लागतात.

उणिवा पण सांगतो. हेडच्या अलार्मचा बझर फार मऊ आहे, खिडक्या उघड्या आणि मातीच्या रस्त्यावर ऐकूच येत नाही, काकांनी नंतर रिक्षाच्या इंडिकेटरचा असतो तसला बझर रिलेवर जोडून दिला, तेव्हा कुठे बरं. डिस्प्लेवर सकाळचं ऊन पडलं की आकडे दिसत नाहीत, मी वरून काळ्या रबराची झालर चिकटवलीय. ईजीटी मीटरचा रात्रीचा उजेड डोळ्यांत जातो आणि कमी करायची सोय नाही. गाळ्याबद्दल म्हणाल तर वेळ पाळत नाहीत, दोन दिवस सांगितले आणि साडेतीन लागले, आणि बिल छापील मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, पण त्यात प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक फ्यूज लिहिलेला असतो.

खर्च असा झाला: हेडचा अलार्म साडेचौदा हजार, ईजीटीचा मीटर जुनाच वापरला, प्रोब आणि केबल अठराशे, लेव्हल सेन्सर बझरसकट नऊशे, मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि दोन होज पाइप मिळून एकवीसशे, स्टडचे सातशे, मजुरी साडेपाच हजार. पंचवीस हजार पाचशे. हेड वाकलं तेव्हाच्या खर्चाच्या जवळजवळ एक तृतीयांश.

एक गोष्ट मात्र घरच्या सगळ्या चालवणाऱ्यांना सांगून ठेवा, बझर वाजला तर काय करायचं. नुसता हेडचा वाजला आणि पाण्याचा शांत आहे तर पाय काढा, एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवा, पाणी फिरू द्या, आकडा उतरू द्या. पण पाण्याचा बझर पण वाजतोय तर आतमधे फिरायला पाणीच नाही, बाजूला घेऊन लगेच बंद करा. आणि झाकण गरम असताना कोणीही उघडायचं नाही, अर्धा तास तरी. आमच्या गाडीत हे मी कागदावर लिहून सनव्हायझरच्या मागे चिकटवलंय कारण माझा भाऊ पण गाडी नेतो.

कोणाला जायचं असेल तर काकांकडे रविवारी बंद, गुरुवारी सकाळी गर्दी कमी असते. इंजिन पूर्ण थंड करून न्यावी लागते, म्हणजे आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा, सकाळी नेलीत तर दुपारपर्यंत ते हातच लावत नाहीत. स्वतःचं युनिट नेलं तरी चालतं, पण प्रोब त्यांच्याकडूनच बनवून घ्या.